सोळाशे मीटरच्या पुढे काय?

प्रति,
खान्देशातले चार खासदार आणि वीस आमदार,
जळगाव, धुळे, नंदुरबार.

सन्माननीय लोकप्रतिनिधी,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार झाला. मंडप, हारतुरे, गुलाबाचं फूल, एक पेन आणि प्लास्टिकच्या फोल्डरात प्रमाणपत्र. प्रमुख पाहुणे बोलायला उठले आणि पुढच्या रांगेतल्या मुलींकडे बघून म्हणाले, ‘आता आपल्या लेकींनी सैन्यात गेलं पाहिजे. ड्रोन उडवले पाहिजेत, रोबोट बनवले पाहिजेत.’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग माझ्या धाकटीने हात वर केला. ‘सर, बारावीनंतर लष्कर स्वतःच्या कॉलेजात इंजिनीअर घडवतं, ती टीईएस एंट्री मुलींना कधी खुली होणार?’

पाहुण्यांनी शेजारच्याकडे बघितलं, शेजारच्याने घड्याळाकडे. ‘बघू,’ म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

पाहुण्यांचं नाव मी लिहिणार नाही, त्यांच्यावर राग नाही. त्यांना ते माहीतच नव्हतं, आणि माहीत नाही असं माइकवर म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. पण तो ‘बघू’ घरी माझ्याबरोबर आला, आणि त्याच्यामुळेच हे पत्र लिहितोय. एकाला लिहिलं असतं तर फायलीत गेलं असतं. चोवीस जणांना उघड्यावर लिहिलं की निदान एक जण तरी दुसऱ्याला विचारील, काय प्रकरण आहे म्हणून.

मी कोण, ते आधी सांगतो. अमळनेर तालुक्यातला कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. एकोणिसाव्या वर्षी भरतीत पळालो, निवडलो गेलो आणि अठ्ठावीस वर्षं ईएमईत काढली. सुभेदार म्हणून घरी आलो त्याला सहा वर्षं झाली. ईएमई म्हणजे सैन्याची सगळी यंत्रं दुरुस्त करणारं दळ. १५ ऑक्टोबर १९४३ ला उभं राहिलं. ‘कर्म ही धर्म’ हे आमचं ब्रीद. ट्रकपासून रणगाड्यापर्यंत आणि रायफलीपासून रडारपर्यंत जे बिघडेल ते आमच्याकडे येतं. माझं आयुष्य चिखलात रुतलेल्या गाड्या ओढण्यात गेलं. त्याला फौजेत रिकव्हरी म्हणतात आणि ते काम मला अजून झोपेत येतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत उत्तरेकडच्या एका वर्कशॉपात होतो. तिथे रिमोटवर चालणारी एक छोटी गाडी दुरुस्तीला आली. पुढे एक यांत्रिक हात, त्याने संशयित वस्तू उचलायची. हात उठायचा, पण ठरल्या जागी थांबायचा नाही, पुढे जाऊन आपटायचा. आम्ही तीन जुनेजाणते मिस्त्री दोन दिवस मोटर बदलत बसलो. तिसऱ्या दिवशी एक कॅप्टन मॅडम आल्या, वय असेल सव्वीस. त्यांनी मोटरला हातच लावला नाही. म्हणाल्या, ‘साहब, मोटर तर मजूर आहे, सांगेल तेवढं फिरते. किती फिरली हे वर कळवणारा कोण आहे, त्याला बघा.’ मोटरच्या शेपटाशी एन्कोडर नावाचा बोटाएवढा भाग असतो. मोटर किती अंश फिरली ते तो कंट्रोलरला कळवतो. त्याची एक तार सोलली गेली होती. तो खोटं कळवत होता, म्हणून हात कुठे आहे हे कंट्रोलरला समजतच नव्हतं. तार बदलली आणि हात अलगद येऊन थांबला.

रोबोटिक्स म्हटलं की लोकांना सिनेमातला चालता-बोलता माणूस दिसतो. मला ती सोललेली तार दिसते. बघायचं, मोजायचं, ठरल्यापेक्षा किती चुकलं ते काढायचं, तेवढं दुरुस्त करायचं आणि पुन्हा मोजायचं. हे सगळं एका सेकंदात शेकडो वेळा. त्यात मेकॅनिकल आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे, कॉम्प्युटर आहे आणि या सगळ्यांच्या बुडाशी गणित आहे. सुट्टीवर आलो तेव्हा हे मी धाकटीला सांगितलं, शेंगा फोडता फोडता. ती तेव्हा सहावीत होती. त्यानंतर घरात एकही यंत्र सुखाने राहिलं नाही. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर उघडून झाला, फवारणीचा पंप उघडून झाला. नववीत तिने सुटे भाग मागवून आपोआप चालणारी तीनचाकी गाडी केली, कपाशीच्या सरीतून जाईल अशी. ओट्यावर झकास चालली. शेतात पहिल्या पावसानंतर काळ्या मातीत चाकं रुतली ती रुतलीच. रिकव्हरी अर्थात मीच केली.

मुलगी बारावीला गणित, फिजिक्स, केमिस्ट्री घेऊन चांगल्या गुणांनी पास झाली. तिला दोनच गोष्टी हव्यात, वर्दी आणि रोबोटिक्स. या दोन्ही एकत्र कुठे मिळतात ते बघायला बसलो, आणि तिथे गाडी अडली.

आता नीट ऐका, कारण सभेतल्या पाहुण्यांना हेच माहीत नव्हतं.

बारावीनंतर लष्करात अधिकारी होण्याचे दोन मुख्य रस्ते आहेत. एक खडकवासल्याची एनडीए. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना परीक्षेला बसू द्या असा आदेश दिला, २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी आत गेली आणि मे २०२५ मध्ये सतरा जणी तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्या दिवशी आमच्या घरात टीव्हीसमोर जेवणं झाली. पण एनडीएत बीटेक मिळतं ते नौदलाच्या आणि हवाई दलाच्या छात्रांना. लष्कराच्या छात्राच्या हाती बीए, बीएस्सी किंवा कॉम्प्युटर सायन्सची बीएस्सी येते.

दुसरा रस्ता टीईएस, म्हणजे टेक्निकल एंट्री स्कीम. बारावीला गणित-फिजिक्स-केमिस्ट्रीत साठ टक्के आणि जेईई मेन दिलेली असावी. जेईईच्या गुणांवरून बोलावणं येतं, मग एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, पाच दिवसांची मुलाखत, मग वैद्यकीय. निवड झाली की तीन वर्षं लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. पुण्याला दापोडीचं सीएमई, मध्य प्रदेशात महूचं एमसीटीई किंवा सिकंदराबादचं एमसीईएमई. चौथं वर्ष डेहराडूनच्या आयएमए या लष्करी अकादमीत. बाहेर पडताना खांद्यावर लेफ्टनंटचे तारे आणि हातात बीटेकची पदवी. खर्च सरकारचा. एका कोर्सला नव्वद जागा, वर्षातून दोन कोर्स.

शेतकऱ्याच्या पोराला याहून मोठं दान कोणतं? पण जाहिरातीत वरतीच लिहिलेलं असतं, अविवाहित पुरुष उमेदवार.

सिकंदराबादला माझी तीन वर्षं पोस्टिंग होती. हे कॅडेट मी जवळून बघितलेत. डांगरी घातलेली, कोपरापर्यंत ग्रीस लागलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. सकाळी पीटी, दिवसा वर्ग आणि वर्कशॉप, संध्याकाळी खेळ, रात्री अभ्यास. थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला डुलक्या घेणारीही बघितलीत. त्यांच्यात असं काय होतं जे माझ्या मुलीत नाही, हे मी अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवावर शोधून पाहिलं. सापडलं नाही.

म्हणून पहिलं गाऱ्हाणं हे, आणि ते खासदारांकडे. लष्कर मुलींना इंजिनीअर अधिकारी म्हणून घेतं. त्या कॅप्टन मॅडम तशाच आल्या होत्या, बाहेरच्या कॉलेजात स्वतःच्या खर्चाने डिग्री करून, मग शॉर्ट सर्व्हिसच्या, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीच्या, टेक्निकल एंट्रीतून. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या निकालानंतर त्यांना कायम कमिशनही, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरीही, मिळू शकते. म्हणजे तयार इंजिनीअर मुलगी चालते, पण तिला इंजिनीअर घडवण्याचा खर्च लष्कर करणार नाही, तो तिच्या बापाने करायचा. मुलाचा खर्च मात्र देश करणार. हा कुठला हिशेब? नौदलाने बारावीनंतरची आपली बीटेक कॅडेट एंट्री मुलींनाही खुली केली, एळिमलाच्या अकादमीत त्या शिकू शकतात. नौदलाला राहण्याची सोय, न्हाणीघरं, पहारे हे सगळं जमलं. दापोडीत आणि सिकंदराबादेत ते न जमण्याचं कारण कोणी सांगितलं तर मी ऐकून घेईन. आजवर कोणी सांगितलेलं नाही.

हेही सांगून टाकतो, नाहीतर कोणी म्हणेल पोरगी कुठे लागली नाही म्हणून बाप ओरडतोय. तिने एनडीएची लेखी परीक्षा दिली, पास झाली. जानेवारीत भोपाळच्या एसएसबीला गेली. भुसावळहून रात्रीच्या गाडीत मीच बसवून आलो. पाचव्या दिवशी कॉन्फरन्समध्ये, म्हणजे शेवटच्या निवडीत, वगळली गेली. तिथे तिच्यावर अन्याय झाला असं मी म्हणत नाही. एसएसबी कडक असते, असायलाच हवी, माझ्या ओळखीची साहेबांची पोरंही तिथून तीन-तीनदा परत आलीत. नौदलाच्या एंट्रीसाठी जेईईचा क्रमांक पुरला नाही, तेही मान्य. पण तिच्याच वर्गातल्या, तिच्यापेक्षा कमी गुणांच्या दोन मुलांनी टीईएसचा अर्ज भरला आणि ती शेजारी बसून त्यांना फोटोची साइज कमी करून देत होती. माझ्या आईने विचारलं, हिचा फॉर्म का नाही भरला? मी कारण सांगितलं. म्हातारी म्हणाली, ‘आंडेर शे म्हनीसन काय व्हयनं?’ मुलगी आहे म्हणून काय झालं. पंच्याऐंशी वर्षांच्या, अंगठा उठवणाऱ्या बाईला जे कळतं ते दिल्लीत कळू नये, एवढं काही ते अवघड नाही.

दुसरं गाऱ्हाणं मुलामुलींचं दोघांचंही आहे, आणि मला ते जास्त सलतं.

पहाटे चार-साडेचारला सुरत-नागपूर महामार्गाच्या कडेने कधी गाडी काढलीत तर बघा. धुळ्यापासून भुसावळपर्यंत, पारोळा, एरंडोल, कुठेही. अंधारात पोरं पळत असतात. अलीकडे पोरीही. कोणाच्या पायात धड बूट नाहीत, अंगावर ट्रकचे दिवे, बाजूला साइडपट्टी नाही. अग्निवीर असो की पोलीस भरती, सोळाशे मीटर वेळेत पळायचे. ही मुलं माझ्या काळजाचा तुकडा आहेत, मीही त्यांच्यातलाच. पण आमच्याकडे सैन्य म्हणजे भरती आणि भरती म्हणजे सोळाशे मीटर, एवढंच समीकरण गावागावांत आहे. दर दहा-पंधरा किलोमीटरवर एखाद्या अकॅडमीचा फलक दिसतो, त्यावर बंदूक घेतलेला कमांडो. आत मैदान, दोरखंड, पुल-अपचा बार. काही जण मनापासून शिकवतात, काही नुसती फी घेतात. पण एनडीएच्या नऊशे मार्कांच्या पेपरात तीनशे गणिताचे असतात हे सांगणारा आणि ते गणित शिकवणारा माणूस तिथे नसतो. टीईएस हे नाव तर मी दोन अकॅडम्यांत विचारून आलो. एकाने मला उलट विचारलं, ‘दादा, त्याला हाइट किती लागते?’

१८२५ साली इंग्रजांनी खान्देश भिल्ल पलटण उभी केली, आउट्रम नावाच्या साहेबाने, आमच्या धरणगावात. हुकूम सोडणारे साहेब बाहेरचे, रांगेत उभे राहणारे आमचे. दोनशे वर्षं झाली. रांग बदलली का, एवढं मोजून बघा. आपापल्या मतदारसंघातून गेल्या पाच वर्षांत किती जण शिपाई म्हणून गेले आणि किती जण अधिकारी म्हणून, हे जिल्ह्याच्या ठिकाणी विचारलं तर कळेल. मी विचारलं होतं. अर्ज घेतला, पोच दिली, उत्तर नाही.

राज्य सरकारने काहीच केलं नाही असं नाही. १९७७ पासून तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. दहावीनंतर मुलं निवडून दोन वर्षं एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला निघाली. नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे एसएसबीची तयारी फुकट करून देतात आणि ती उत्तम असते, हे मी फौजी म्हणून सांगतो. माझी मुलगी तिथे जाऊन आली. पण मला तिथली माहिती होती कारण मी फौजेत होतो. अक्कलकुव्याच्या, धडगावच्या आश्रमशाळेतल्या मुलीला कोण सांगणार? तिन्ही जिल्ह्यांत अशी एकही सरकारी जागा नाही जिथे अकरावीतला विद्यार्थी जाऊन म्हणेल, मला अधिकारी व्हायचंय, काय करू? माजी सैनिकांसाठी कार्यालयं आहेत. भावी सैनिकांसाठी काय आहे?

भाषेचंही सांगतो. जेईई मेन मराठीत देता येते. एनडीएचा पेपर हिंदी आणि इंग्रजीतच असतो. तो मराठीत करा अशी मागणी काही जण करतील, मी करणार नाही. फौजेत गेल्यावर पंजाबी, तमिळ, नागा अशा सगळ्यांबरोबर काम करायचं असतं. भोपाळला गटचर्चेत माझी मुलगी मनात मराठीत जुळवत आणि तोंडाने इंग्रजीत काढत बसली, तेवढ्यात समोरचा बोलून गेला. पेपर सोपा करून देऊ नका, मुलांना बोलायला शिकवा. आठवड्यात दोन तास इंग्रजीत नुसतं बोलणं, चुकत-माकत. त्याला कुठली इमारत लागते?

तिसरं गाऱ्हाणं कुलपाचं.

नीती आयोगाने २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅब दिल्या. एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. सेन्सर, मोटरी, छोटे कंट्रोलर, थ्रीडी प्रिंटर, म्हणजे रोबोट करायला लागतं ते सगळं. आमच्या परिसरातल्या एका शाळेत अशी लॅब आहे. उद्घाटनाला फित कापली, फोटो छापून आला. धाकटी त्या शाळेची नाही, तरी दहावीत असताना विचारायला गेली, रविवारी तरी वापरू द्याल का म्हणून. ‘किल्ली सरांकडे आहे.’ सर कुठे? ‘निवडणुकीच्या कामावर.’ पुढच्या वेळी सर प्रशिक्षणाला होते. त्याच्या पुढच्या वेळी सरांची बदली झाली होती आणि किल्लीचा चार्ज कोणी घेतला नव्हता. खिडकीतून तिने बघितलं, प्रिंटरवरचं प्लास्टिक तसंच होतं. त्या दिवशी घरी येऊन ती काही बोलली नाही, स्टार्टरचा बॉक्स उघडून बसली.

मी शाळेला दोष देत नाही. ज्या मास्तरांना जनगणना, मतदारयाद्या, खिचडीचा हिशेब आणि वर रोबोट शिकवायचाय, त्यांच्या जागी मीही कुलूपच लावलं असतं. सामान हरवलं तर भरपाई त्यांच्या पगारातून! केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजार लॅब पाच वर्षांत करायचं जाहीर केलंय. त्यातल्या काही आपल्याकडे येतील, आपण पुन्हा फिती कापाल. कापा. पण किल्ली कोणाकडे राहणार हे आधी ठरवा.

चौथं, थोडक्यात. आमच्या भागात दहावीनंतर हुशार मुलीला सांगतात, बायो घे, गणित सोड. गणित सोडलं की टीईएसच काय, नौदल नाही, हवाई दलाचं उड्डाण नाही, इंजिनिअरिंगही नाही. पंधराव्या वर्षी कोणीतरी काकाने दिलेल्या सल्ल्यावर चार दारं बंद होतात. आणि हे त्या खान्देशात, जिथे चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आजोबांचं गणित शिकवायला मठ काढला. शिलालेख आहे, त्यात मठाला दिलेल्या दानाचीही नोंद आहे. त्या काळच्या स्थानिक सत्ताधीशाने, तुमच्यासारख्याच लोकप्रमुखाने, गणित शिकण्यासाठी उत्पन्न लावून दिलं होतं. पाटणादेवीला आपण दर्शनाला जाता तेव्हा तोही इतिहास आठवत असेल अशी आशा.

पाचवं तर घरातलंच. भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. देशाचा दारूगोळा आमच्या अंगणात बनतो. २०२१ मध्ये त्या सरकारी कंपन्यांत गेल्या, पण भिंत तीच, फाटक तेच. आजूबाजूच्या अकरावी-बारावीच्या पोरांनी त्या फाटकाच्या आतलं एक लेथ मशीनही बघितलेलं नसतं. सुरक्षेचा मुद्दा मला कोणी शिकवू नये, अर्धं आयुष्य पहाऱ्याच्या आत काढलंय. दारूगोळा दाखवा असं म्हणत नाही. प्रशिक्षण विभाग, टूल रूम, वर्षातून एक दिवस, ओळखपत्र बघून, मोबाइल बाहेर ठेवून. एवढं होऊ शकतं.

आता कोणी म्हणेल, सुभेदार, सैन्याचे नियम सैन्य ठरवतं, आमदार-खासदार काय करणार? संसदेत प्रश्न विचारता येतो. संरक्षण मंत्र्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं. एनडीएचं दार न्यायालयाने उघडलं, कारण संसदेत बसलेल्यांनी वेळेवर ठोठावलं नाही. हेही दार एखाद्या मुलीने कोर्टात जाऊनच उघडायचं का? कोर्टात जाईपर्यंत तिचं वय निघून जातं. टीईएसला वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस आहे. तीन वर्षांच्या त्या पट्ट्यात तारखा पडत राहतात आणि मुलगी वीस वर्षांची होते.

कोणी म्हणेल, रोबोटिक्सची गरजच काय, लढतो तो जवान. खरंय, लढतो जवानच. पण जानेवारी २०२५ मध्ये लष्कर दिनाचं संचलन पुण्याला झालं, त्यात चार पायांची यांत्रिक खेचरं जवानांच्या बरोबर चालत गेली. बॉम्ब निकामी करणारा दक्ष हा रोबोट पुण्यातच दिघीच्या प्रयोगशाळेत तयार झाला. जिने चढतो, संशयित वस्तू क्ष-किरणांनी तपासतो, पाण्याच्या झोताने निकामी करतो आणि माणूस लांब, सुरक्षित राहतो. अमेरिकेच्या ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत रोबोटिक्स आणि कंट्रोल इंजिनिअरिंग हा पदवीचाच विषय आहे, छात्र वर्दीत राहून तो शिकतात, मुली आणि मुलगे दोन्ही. यंत्र पुढे जातं तेव्हा मागे जवानाचा जीव वाचतो. तुमच्या मतदारसंघातल्या जवानाचा.

मागण्या साध्या आहेत, लिहून घ्या.

चारही खासदारांनी मिळून, पक्ष बाजूला ठेवून, येत्या अधिवेशनात संरक्षण मंत्रालयाला लेखी प्रश्न विचारावा: टीईएस मुलींना कधी खुली करणार, आणि करणार नसाल तर कारण काय? उत्तर ‘विचाराधीन’ असं आलं तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा तोच प्रश्न. त्याबरोबर मंत्रालयाला पत्र लिहून हेही मागा की या कॉलेजांत शिकणाऱ्या छात्रांना रोबोटिक्सची स्वतंत्र शाखा मिळावी.

वीस आमदारांनी राज्य सरकारकडे सेवापूर्व शिक्षण संस्थेची शाखा खान्देशात मागावी, मुलं आणि मुली दोघांसाठी, वसतिगृहासह. जागा धुळ्याला द्या, जळगावला द्या, यावरून भांडू नका. माझं मत विचाराल तर नंदुरबारला द्या, तिथल्या मुलांना सगळ्यात लांब जावं लागतं. शाखा उभी राहायला वर्षं लागतील हे मला कळतं. तोवर प्रत्येक तालुक्याला एक खोली, एक गणिताचा शिक्षक आणि शनिवार-रविवार. माजी सैनिक बोलायला फुकट येतील, आम्हाला बोलायला आवडतंच.

आपल्या मतदारसंघातल्या प्रत्येक टिंकरिंग लॅबला आपण स्वतः एकदा न कळवता भेट द्यावी. लॅब उघडी असेल तर मुलांबरोबर बसा. बंद असेल तर किल्ली मागा. लॅब चालवायला मानधनावर एक डिप्लोमा झालेला मुलगा किंवा मुलगी नेमली तर फार पैसे लागत नाहीत. खासदार निधी वर्षाला पाच कोटींचा आहे. पगार त्यातून देता येत नसेल तर निदान सामान आणि दुरुस्ती त्यातून करा, पगाराचा मार्ग आपण काढाल. कमानी आणि सभामंडप यांच्यासाठी निघतोच की.

आणि पहाटे पळणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक तालुक्यात दिवे लावलेला एक मैदानी ट्रॅक. हा विषय रोबोटिक्सचा नाही, पण मला तो सोडून पुढे जाता येत नाही.

माझ्या मुलीचं म्हणाल तर तिने जिल्ह्यातल्या एका खाजगी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश घेतलाय. राज्याने २०२४ मध्ये मुलींची फी माफ केली त्याचा आम्हाला फायदा झाला, त्याबद्दल मनापासून आभार. मेसचे आणि बसचे पैसे पेन्शनीतून जातात, चालतंय. चार वर्षांनी ती शॉर्ट सर्व्हिसच्या टेक्निकल एंट्रीचा अर्ज भरणार आहे. तोवर टीईएस खुली झाली तर तिला उपयोग नाही, तिचं वय गेलेलं असेल. नववीतली तिची मावसबहीण मात्र अजून आहे. तिने परवा आमचं मिक्सर उघडलंय.

उत्तर द्यायचं झालं तर कागदावर द्यावं. फोनवर ‘बघू’ ऐकून घेण्याची माझी तयारी आता राहिलेली नाही. आलेली उत्तरं, ज्याचं आलं त्याच्या नावासह, गावच्या पारावर लावीन, आणि ज्यांची आली नाहीत त्यांच्या नावापुढे जागा मोकळी ठेवीन.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, ईएमई
ता. अमळनेर, जि. जळगाव

ता. क.: त्या लॅबची किल्ली सापडली तर कळवा. प्रिंटर बसवून, चालू करून द्यायला मी आणि धाकटी कुठल्याही रविवारी येऊ. चहा पुरे.